अष्टमीचा भैरव

अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. रक्कम बावीस हजार. जागा, पेणमधला दातांचा दवाखाना. हजर माणसं तीन: माझे सासरे, माझी बायको सुमन आणि पैसे भरणारा मी. सासऱ्यांना सगळे नाना म्हणायचे, मीही. डॉक्टरांनी वरची आणि खालची अशी पूर्ण कवळी नानांच्या तोंडात बसवली, आरसा पुढे धरला आणि म्हणाले, "हसा बघू." नाना हसले. सत्तरीतला माणूस पन्नाशीचा दिसायला लागला. सुमनने फोटो काढला. नानांनी आरसा खाली ठेवला आणि विचारलं, "डॉक्टर, ह्यानं फुंकता येईल ना?"

डॉक्टरांना नाना सनई वाजवतात हे ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "चहाच ना? फुंका की, काही होत नाही."

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. पण भाद्रपद सरत आला, रोह्याच्या वाटेवर लवकर येणारं हळवं भात पिवळं पडायला लागलं, पहाटे खिडकीच्या काचेवर दव दिसलं, की मला तो दवाखाना आठवतो. पेणमध्ये या दिवसांत एक विचित्र शांतता असते. गणपती गेलेले असतात, कारखान्यांच्या दारांत फुटके साचे आणि पेंढ्याचे ढीग पडलेले असतात, रंगाचा वास मात्र भिंतींत उरलेला असतो. खाडीकडून वारा सुटला की त्यात चिखलाचा आणि खारा असा दोन्ही वास येतो. हवा चांगली असते. लोक म्हणतात, आता बरं वाटतं. मला नाही वाटत.

मी हिशेबाचा माणूस आहे. डोलवीला एका ठेकेदाराकडे कामगारांची हजेरी आणि बिलं बघतो. गाण्यातलं मला कळत नाही, आणि कळतं असं मी कधी दाखवलेलं नाही. तरी नानांच्या आयुष्याची बेरीज मांडायची झाली तर ती अशी: सोळाव्या वर्षी ते मुंबईला एका उस्तादांकडे शिकायला राहिले. पहिली दोन वर्षं त्यांना उस्तादांच्या मागे बसून नुसता एकच सूर धरायला लावलं होतं. पुढे रेडिओवर वाजवलं, पुण्यामुंबईत मैफली केल्या. वडील आजारी पडले तेव्हा रोह्याला परत आले, कारण रोह्याच्या अलीकडच्या एका गावात देवीच्या देवळात नवरात्राच्या नऊ सकाळी सनई वाजवायचा मान त्यांच्या घराचा. त्या मानासाठी आले आणि इथलेच झाले. मैफलीची बोलावणी हळूहळू थांबली. लग्नांवर घर चाललं. मग लग्नाच्या हॉलवाल्यांनी दारावर स्पीकर लावले आणि लग्नंही गेली.

एकदा आम्ही पेणच्या एका हॉलमध्ये आहेर घेऊन गेलो होतो. संध्याकाळचं रिसेप्शन. दारावरच्या स्पीकरमधून सनई चालू होती. नाना उंबऱ्यावर थांबले, थोडं ऐकलं आणि म्हणाले, "तोडी लावलाय. सकाळचा राग. ह्यांची सकाळ आता होतेय वाटतं." मग आत जाऊन जेवले. जिलेबी दोनदा मागून घेतली.

रोह्याच्या घराच्या पडवीत संध्याकाळी शिकवणी असायची. सगळे मिळून तीसेक जण येऊन गेले असतील. एक जण बँडमध्ये गेला. दोघं डोलवीला लागले आणि शिफ्टमुळे रियाज होत नाही म्हणाले. ते खरं होतं, त्यांची हजेरी मीच मांडायचो. बाकीचे नुसतेच यायचे बंद झाले. शेवटी उरली ती वनिता.

वनिता पेणजवळच्या जोह्याची. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. मूर्ती रंगवून झाली की शेवटी डोळे काढतात, ते काम सगळ्यांना जमत नाही. नवरा धरमतरला जेट्टीवर मालाच्या कामाला. एका वर्षी कारखान्यातून पहिली मूर्ती निघताना मालकाने नानांना सनईला बोलावलं होतं. वाजवून झाल्यावर ही पुढे आली, हात रंगाने माखलेले, आणि म्हणाली, "मला शिकवाल काय?" वय तेव्हा तिशीच्या पुढे. नाना म्हणाले, "दम हाय काय तुझ्यात?" ती म्हणाली, "डोळा काढताना मी श्वास धरून ठेवते. बुबुळ पुरं होईस्तवर."

"इथं उलटं हाय गो," नाना म्हणाले. "इथं श्वास सोडतच राहायचा आणि तरी संपू द्यायचा नाय."

मग जोह्याहून पेण आणि पेणहून रोहा अशी ती आठवड्यातून दोनदा यायला लागली. पहिले काही महिने नानांनी तिला सनईला हातही लावू दिला नाही. पपईच्या पानाचा पोकळ देठ आणि पाण्याचा तांब्या, एवढंच. देठातून पाण्यात फुंकायचं आणि फुंकताफुंकता नाकाने श्वास आत घ्यायचा. पाण्यातले बुडबुडे थांबता कामा नयेत. पडवीत ते सतत चालायचं, भाताला उकळी फुटल्यासारखा आवाज. तिच्या सासूने ऐकवलंच होतं, "गणपतीला डोळे काढतेस ता बरा होता. आता गाल फुगवून सोंड काढायची हाय काय?" वनिता हे आम्हाला नक्कल करून सांगायची आणि स्वतःच हसायची.

त्यानंतर चार वर्षं तिने नानांच्या मागे बसून सूर धरला. देवळातसुद्धा. बाईमाणूस नगारखान्यात कशी, म्हणून गावातले दोघे-तिघे आधी कुरकुरले. पण लगेच कोणीतरी म्हणालं, सूरच तर धरते, वाजवते कुठं. आणि ते मिटलं.

दात बसवल्यावर पितृपक्षात नानांनी सनई काढली. सनईच्या तोंडाशी सुक्या गवताची दुहेरी पत्ती असते. ओठांचा दाब कमीजास्त करून ती बोलवायची, आणि ओठांना मागून दातांचा टेका लागतो. पन्नास-पंचावन्न वर्षं तो टेका नानांच्या वेड्यावाकड्या, झिजलेल्या दातांनी दिला होता. शेवटी ते हलायला लागले, हिरड्यांत पू झाला, काढण्यावाचून इलाज नव्हता. नवी कवळी सरळ होती, गुळगुळीत होती, आणि दाब आला की खालची उचलायची. कवळी काढून वाजवलं तर ओठ आत जायचे. सनईतून नुसती हवा. नानांनी पत्ती तासून पातळ केली. कवळी चिकटवायची पावडर आणून दिली ती लावली. पावडरने दहा मिनिटं निभायचं, मग थुंकी भरायची आणि सूर घसरायचा. मला रागातलं कळत नाही, पण घसरलेलं कळतं.

त्या पंधरवड्यात सुमन रोह्यालाच राहिली होती. तिने सरळ सांगितलं, "नाना, देवळात कळवा, यंदा वनिता वाजवेल."

"मान घराचा हाय. ती घरची नाय." हे त्यांनी वनिताच्या समोर म्हटलं. वनिता तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

दोन दिवसांनी, मी तिथे असताना, त्यांनीच तिला हाक मारली. "गो, माझी बोटं बघून वाजवशील?"

तिला समजलं नाही. मला आधी समजलं, असं मला वाटतं. नाना पुढे बसणार, ओठांना सनई लावणार, बोटं चालवणार, फुंकणार नाहीत. वनिता मागे, तिच्या नेहमीच्या जागेवर, जरा कडेला बसून त्यांच्या बोटांकडे बघून खरं वाजवणार. सूर धरायला मोबाईल, नगाऱ्यामागे पंच्याखाली ठेवलेला. खालून बघणाऱ्याला नेहमीसारखंच दिसेल.

"आणि मी नाय म्हणाले तर?" वनिताने विचारलं.

"तर देवीचं नवरात्र मुकं जाईल. आणि मी कुनाला तोंड दाखवनार नाय."

तिने त्यांच्या बोटांकडे निरखून बघितलं. मग म्हणाली, "बोटांवरचे केस तेवढे काढा, आड येतात." हे ऐकून नाना इतके हसले की कवळी सुटली.

पहिल्या माळेच्या पहाटे मी रजा टाकून गेलो होतो. नगारखाना म्हणजे देवळाच्या दरवाज्यावरची बुटकी खोली, शिडीने चढायचं, ताठ उभं राहता येत नाही. नगारा, एक बल्ब, कोपऱ्यात कबुतरांची घाण. खाली अंधारात बायका झेंडूच्या माळा आणि तेलाच्या वाट्या घेऊन येत होत्या. ओल्या भाताचा वास वरपर्यंत येत होता. नानांची बोटं हलली आणि पाठोपाठ, अगदी एका पापणीचं अंतर ठेवून, सनई बोलली. आवाज त्यांच्या पाठीमागून येत होता. मी नानांच्या तोंडाकडे बघत होतो. गाल सपाट. डोळे मिटलेले. गळ्याची शीर मात्र फुगत होती, वाजवताना फुगायची तशीच.

उतरल्यावर एक म्हातारी त्यांना म्हणाली, "नाना, यंदा सूर लय ग्वाड लागला. नवीन दात मानवले हो तुमाला." नाना नव्या दातांनी हसले. वनिताने पदर तोंडावर घेतला. ती हसत होती की काय, ते मला दिसलं नाही.

असं रोज चाललं. पुढे मी अष्टमीला पुन्हा गेलो. त्या सकाळचा भैरव राग मी आजवर अनेकदा ऐकला आहे, त्यामुळे त्याबद्दल मला नेमकं सांगता येतं. सुरुवातीला सगळं नेहमीसारखं. मग नानांची बोटं थांबली. दमले होते की काही सुचेना, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. भोकांवर बोटं तशीच टेकून ते बसून राहिले. सनई थांबायला हवी होती. थांबली नाही. वनिताने त्यांच्या बोटांवरची नजर काढून भिंतीकडे नेली आणि पुढे गेली. एका सुरावर येऊन ती राहिली, इतका वेळ की खाली घंटा वाजवणाऱ्या माणसाने हात थांबवला. तिथून ती हळू उतरली, परत चढली, पुन्हा त्याच सुरावर आली. आणि मग मी पाहिलं की नानांची बोटं पुन्हा हलायला लागली आहेत. पण आता ती मागून जात होती. आधी सनई, मग बोटं.

त्याच वेळी देवस्थानचे सेक्रेटरी दळवी शिडीवर अर्धे चढून मोबाईलवर रेकॉर्डिंग करत होते.

घरी येताना रिक्षात नाना म्हणाले, "मी त्या मध्यमाच्या सुरावर इतका थांबलो नसतो." कौतुक की तक्रार, सांगता येणार नाही. वनिता म्हणाली, "तुमची बोटं थांबली, मी काय करू?" दसऱ्याला देवस्थानने नानांना शाल, नारळ आणि पाकीट दिलं. त्यांनी तिन्ही घेतली. पाकीट त्यांनी वनिताला देऊ केलं. शाल नाही. शाल ते त्या रात्री पांघरून झोपले. वनिताने पाकीट घेतलं नाही, का ते मला कळलं नाही. शाल मागितली असती तर कदाचित तिने घेतली असती.

भाताची झोडणी चालू असताना नाना गेले. आधी ताप, मग छातीत कफ, मग अलिबागचं हॉस्पिटल. तिथे कवळी काढून एका डबीत घालून आमच्याकडे दिली. नावाची चिठ्ठी लावलेली.

पुढच्या वर्षी देवस्थानने सनईवाला शोधला नाही. दळवींच्या मोबाईलमधलं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतलं, नगारखान्यात भोंगा बसवला, आणि नऊही सकाळी अष्टमीचाच भैरव वाजायला लागला. 'कै. नानांची अखेरची सेवा' असं फोटोखाली लिहून ते व्हॉट्सअॅपवर फिरलं. मला सात ग्रुपवर आलं. वनितालाही आलं, तिच्या कारखान्याच्या ग्रुपवर. तिने सुमनला फोन केला. पाऊस किती झाला ते विचारलं.

या तीन वर्षांत मी पुष्कळदा मनाशी मांडून पाहिलं की ते वाजवणं कोणाचं. पहिल्या सात सकाळींबद्दल मी म्हणेन की निम्मं निम्मं, बोटं त्यांची आणि दम तिचा. शिकवलेलं कोणाचं, हा प्रश्न त्याहून अवघड, तो मी सोडून देतो. पण अष्टमीचा तो तुकडा, बोटं थांबल्यापासून पुढचा, त्यात नानांचं काही नव्हतं. गावाला नेमका तोच आवडतो. तिथे आलं की लोक हात जोडतात. माणूस जन्मभर शिकवतो ते कशासाठी, तर कोणीतरी एक दिवस आपल्या बोटांकडे न बघता पुढे जावं म्हणून, असं मी कुठेतरी बोलून दाखवलं असतं. पण मी नगारखान्यात होतो. ती पुढे गेलेली ऐकताना नानांचा चेहरा मी पाहिला आहे. तो शाबासकी देणाऱ्या गुरूचा चेहरा नव्हता. आपल्याच घराला बाहेरून कुलूप लागलेलं दिसावं, तसा तो होता.

यंदा दळवींचा फोन आला. देवस्थानने ठरवलं होतं की नानांच्या स्मरणार्थ वारसांना अकरा हजार रुपये द्यायचे, पहिल्या माळेला. सुमन म्हणाली, "या वेळी मी सांगणार आहे." आम्ही पहाटेच पोचलो. भोंगा आधी खरखरला, मग भैरव सुरू झाला. सुमन पायरीवर बसून पूर्ण ऐकत राहिली. मग आम्ही ऑफिसात गेलो.

"दळवीभाऊ, हे नानांचं नाही," ती म्हणाली. "हे वनिताने वाजवलंय. जोह्याची. नाना नुसते बसले होते."

दळवींनी चहा सांगितला. मग म्हणाले, "ताई, ठाऊक हाय. मीच ना शिडीवर होतो? व्हिडिओत दिसतं सगळं. नानांचे गाल हलत पन नाय."

"मग?"

"मग काय. गावात निम्म्या लोकांना ठाऊक होतं. नानांचा मान राखला सगळ्यांनी. कोन बोललं काय?"

"आता तिचा राखा. तो भोंगा काढा आणि तिला बोलवा."

दळवी खरोखर अवघडले. वाईट माणूस नाही. "ताई, बाईमाणूस वाजवनार म्हटलं की मीटिंग लावावी लागेल. चार जनं बोलनार. मशीनला कोन काय बोलत नाय." मग पावतीपुस्तक पुढे सरकवलं. "नाव वारसाचंच घालावं लागतं. सही करा."

सुमन माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, सही कर. पैसे तिथे ठेवून येण्यात कोणाचाच फायदा नव्हता. तिने सही केली. चहा तसाच राहिला.

दुपारी आम्ही जोह्याला पोचलो. कारखान्यात वनिता साचे धूत होती, कोपरापर्यंत पांढरी झालेली. आम्ही तिला एका बाजूला घेऊन दळवी काय म्हणाले ते सगळं सांगितलं. निम्म्या गावाला ठाऊक होतं, हेही. ती ऐकताना हात पुसत होती. एवढंच म्हणाली, "मंजे मी उगाच घाबरत व्हते, दिसेल म्हनून."

"वाजवतेस ना?" सुमनने विचारलं.

"नाय ताई. सूर धरायला मानूस नाय. मोबाईलवर धरला तर नवीन कायच सुचत नाय. पत्ती पन चिरली सुकून." तिने हे भांडं फुटल्याचं सांगावं तसं सांगितलं.

मी देवस्थानचं पाकीट पुढे केलं. वाटलं होतं, त्या वेळेसारखी नको म्हणेल. तिने घेतलं, दाराच्या उजेडात जाऊन नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि माझ्याकडे वळली.

"दादा, सकाळी लावलेला काय भैरव?"

"लावला होता."

"ह्या पैशांत आजचा दिस धरलाय काय?"

मी म्हटलं, धरलाय. धरलेला नव्हता. देवस्थानने तिच्या वाजवण्याचा कुठलाच दिवस धरलेला नव्हता, हे तिला कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. तिने पैसे ब्लाउजमध्ये ठेवले आणि पुन्हा साच्यांपाशी जाऊन बसली.

एकूण दिले अकरा हजार रुपये. पावती कै. नानांच्या वारसांच्या नावे, सही सुमनची. पोचले वनिताला, आजचा दिवस न धरता.